‘जहाल’ कोण, हे कोणी ठरवले?

शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात ‘जहाल’ आणि ‘मवाळ’ ही जोडी इतकी घट्ट बसली आहे, की ती त्या काळच्या पक्षांच्या दप्तरातून उतरवून घेतली असावी असे वाटते. टिळक जहाल, गोखले मवाळ, १९०७ साली सुरतेला फाटाफूट, आणि परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न. पण ज्यांना आपण जहाल म्हणतो त्यांनी आपल्या पक्षाला हे नाव दिलेले नव्हते. ते आधी स्वतःला ‘नवा पक्ष’ म्हणत आणि पुढे ‘राष्ट्रीय पक्ष’ म्हणवू लागले. ‘जहाल’ हे विशेषण वाढले ते वर्तमानपत्रांच्या रकान्यांत. तिथे कोणी ते दूषण म्हणून फेकले, कोणी भूषण म्हणून उचलले आणि सरकारने त्याचा उपयोग माणसे व छापखाने निवडून काढायला केला. माझे म्हणणे असे, की त्या काळच्या पत्रकारितेत या विशेषणाने एकच गोष्ट मोजली जात होती: लिहिणारा सरकारपासून किती दूर उभा आहे. त्याची मते काय, तो समाज कसा बदलू पाहतो, बदलू पाहतो की नाही, हे या शब्दाच्या मापात येतच नव्हते. तरीही आपण शंभर वर्षे त्याच मापाने त्या पिढीतली माणसे मोजत आलो आहोत.

हा प्रश्न पुण्या-मुंबईपुरता नाही. विरारमधला आपला मनवेलपाडा आज पालघर जिल्ह्यात आहे, पण हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला; त्याआधी विरार, वसई, सोपारा हा सगळा मुलूख ठाणे जिल्ह्याचा. म्हणजे इथल्या जुन्या पिढ्यांच्या दृष्टीने ‘आपल्या जिल्ह्याचे पत्र’ म्हणजे ठाण्याहून निघणारे पत्र. ठाण्याची ही परंपरा लहान नव्हती. ‘अरुणोदय’ हे साप्ताहिक काशिनाथ विष्णू फडके यांनी १८६६ मध्ये सुरू केले, म्हणजे ‘केसरी’च्या जवळजवळ पंधरा वर्षे आधी. त्याच ठाण्यातून ‘हिंदू पंच’ निघत असे. विरारहून मुंबईला गाडी १८६७ पासून सुरू होती आणि वर्तमानपत्र हे त्या काळी टपालाने व आगगाडीनेच गावोगाव जाई. एका अंकाभोवती अनेक माणसे बसत, वाचता येणारा एक वाचत असे आणि बाकीचे ऐकत. ऐकणाऱ्यापर्यंत लेखातला युक्तिवाद सगळाच पोहोचत असेल असे नाही, विशेषण मात्र नक्की पोहोचत असे. पत्रांनी कोणाच्या नावामागे काय लावले याला म्हणूनच एवढे महत्त्व होते.

मुळात ‘जहाल’ हा शब्द राजकारणाचा नव्हे. तंबाखू जहाल असते, मिरची जहाल असते, विष जहाल असते आणि एखादे औषधही जहाल असते. तो पदार्थाचा गुण सांगत नाही. तो पदार्थ जिभेला, घशाला, अंगाला कसा लागतो हे सांगतो. इंग्रजी पत्रांनी ‘एक्स्ट्रीमिस्ट’ हा शब्द वापरला त्यात टोकाला जाऊन बसल्याची कल्पना आहे. मराठीने त्याच्या जागी तिखटपणाची कल्पना बसवली आणि हिंदीने ‘गरम दल’ म्हणून उष्णतेची. मराठी पर्यायात एक दुहेरी सोय होती. जहाल विष टाळायचे असते, पण जहाल औषध रोग हटवते. त्यामुळे विरोधकाने शिवी म्हणून वापरलेला शब्द समर्थकाला कौतुक म्हणून वापरता येई आणि दोघांनाही तो खरा वाटे. समोरच्या बाजूला ‘मवाळ’ हा शब्द पडला, आणि त्याला अशी सोय नव्हती. मवाळ स्वभाव चांगला, पण मवाळ पुढारी म्हणजे दबणारा. त्या पक्षाचा मान राखून लिहिणारे म्हणूनच ‘नेमस्त’ लिहीत: नेम धरून, ठरल्या मर्यादेत चालणारा. पुढे १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईत या मंडळींनी काँग्रेसबाहेर आपली वेगळी संघटना उभी केली, तेव्हा मराठीत ते ‘प्रागतिक’ झाले. एकाच माणसाला मवाळ, नेमस्त आणि प्रागतिक अशी तीन विशेषणे मिळत. त्यांतले कोणते छापले आहे एवढे पाहिले तरी पत्र कोणाच्या बाजूचे हे कळे.

बंगालच्या फाळणीनंतर, म्हणजे १९०५ च्या पुढे, या शब्दांना धार आली. १९०६ च्या कलकत्ता अधिवेशनात अध्यक्षपदावरून दादाभाई नौरोजी यांनीच स्वराज्य हा शब्द उच्चारला होता. ध्येयाचे अंतर तेवढ्यापुरते मिटले होते. वाद राहिला तो साधनांचा, बहिष्कार कुठवर न्यायचा याचा. या अधिवेशनानंतर लगेच, २ जानेवारी १९०७ रोजी, टिळकांनी कलकत्त्यातच नव्या पक्षाची तत्त्वे सांगणारे भाषण केले आणि त्यात या विशेषणांचा थेट समाचार घेतला. त्यांचा मुद्दा असा होता, की हे दोन शब्द काळाशी बांधलेले आहेत: काँग्रेस सुरू झाली तेव्हा दादाभाईंचीच मते टोकाची ठरवली गेली होती, आज ती मवाळ ठरतात, आणि आजची आमची मते उद्याची पिढी मवाळ ठरवील. ज्याच्या नावाशी हे विशेषण सर्वांत घट्ट चिकटले त्यानेच ते टिकाऊ नाही असे पहिल्यांदा नीट सांगितले, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांनी लक्षात घ्यायला हवी होती. वर्ष संपता संपता सुरतेचे अधिवेशन भरले. ते नागपूरला व्हायचे होते, ते सुरतेला हलवले गेले. लाला लजपतराय अध्यक्ष व्हावेत अशी टिळकांच्या बाजूची इच्छा होती, रासबिहारी घोष झाले. मंडपात दक्षिणी जोडा फेकला गेला, तो फिरोजशहा मेहता आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांना लागला आणि सभा मोडली. त्या दिवसापासून विशेषणे मतांच्या छटा सांगेनाशी झाली. ती छावण्यांची नावे झाली.

छावणीचे नाव झालेले विशेषण काय करते याचा सर्वांत बोलका दाखला ठाण्याचाच आहे. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली तेव्हा गोखले इंग्लंडमध्ये होते आणि भारतमंत्री मोर्ले यांच्याशी सुधारणांबद्दल त्यांची बोलणी चालू होती. या दोन घटना शेजारी ठेवल्या गेल्या आणि टिळकांच्या शिक्षेमागे गोखल्यांचा हात असल्याचा प्रवाद उठला. ‘हिंदू पंच’ने तो छापला. गोखल्यांनी १९०९ मध्ये या पत्रावर अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि जिंकला. एवढा भयंकर आरोप पुराव्याशिवाय छापण्याइतका सोपा का वाटला असेल? माझ्या मते त्याचे मोठे कारण विशेषणातच होते. एकदा माणूस मवाळ ठरला, की तो सरकारच्या जवळचा. जवळचा, तर सल्ला देणारा. सल्ला देणारा, तर पकडून देणाराही. प्रत्येक पायरी शब्दाने चढवली, पुराव्याची गरजच उरली नाही. ज्या गोखल्यांनी १९०५ साली बनारसच्या काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून लॉर्ड कर्झनच्या कारभाराची औरंगजेबाच्या राजवटीशी तुलना केली होती, त्यांना हे सोसावे लागले. त्या भाषणातली भाषा कोणत्या व्याख्येने मवाळ ठरते?

दुसऱ्या बाजूला सरकार बसले होते आणि त्याचेही काम विशेषणांवरच चाले. मुंबई सरकारचे प्राच्य भाषांतरकार दर आठवड्याला देशी पत्रांचा गुप्त अहवाल तयार करत. त्यात मराठी, गुजराती लेखांचे इंग्रजी सारांश असत, आणि सोबतच्या यादीत पत्राचे नाव, गाव, खप, संपादकाचे नाव, त्याची जात आणि वयसुद्धा असे. लेख कितीही लांब असो, वरच्या अधिकाऱ्याच्या टेबलावर जायचा तो चार ओळींचा गोषवारा. मूळ मराठी वाक्यातला ‘जर’, ‘तर’, ‘असे कोणी म्हणतील’ हे सगळे वाटेत गळून जाण्याचा धोका त्यात होताच. कोर्टातही प्रश्न शब्दांच्या अर्थाचाच होता. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी सरकारविषयी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव असा अर्थ लावला आणि टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. १९०८ च्या खटल्यात ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे ‘केसरी’तले लेख पुढे आले. टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची शब्दाशब्दावर उलटतपासणी केली आणि एकवीस तासांहून अधिक चाललेल्या आपल्या भाषणाचा मोठा भाग मराठी शब्दांचे खरे वजन समजावून सांगण्यात घालवला. ज्युरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. निकाल सात विरुद्ध दोन असा लागला. त्याच वर्षीच्या खटल्यांच्या लाटेत ‘काळ’चे शिवराम महादेव परांजपे यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली आणि आपल्या जिल्ह्याच्या ‘अरुणोदय’वरही राजद्रोहाचा खटला चालला. १९१० च्या प्रेस कायद्याने तर जामीनकीची रक्कम ठरवण्याचा अधिकार सरकारच्या हाती दिला. जुन्या छापखान्याला ती पाच हजार रुपयांपर्यंत जाऊ शके. लहान साप्ताहिकाच्या मालकाला एवढी रक्कम म्हणजे छापखाना बंद करण्याचा हुकूमच. जहाल म्हणून नाव झाले, की ही रक्कम मागितली जाण्याची शक्यता वाढली. ‘काळ’ त्याच वर्षी बंद पडला.

परांजप्यांच्या ‘काळ’पाशी थोडे थांबायला हवे, कारण जहाल म्हणजे जहाल भाषा हा समज तिथे तुटतो. १८९८ मध्ये सुरू झालेल्या या पत्राचे सामर्थ्य वक्रोक्तीत होते. परांजपे एखाद्या पौराणिक कथेवर, एखाद्या देवळावर, परदेशातल्या एखाद्या घटनेवर शांतपणे लिहीत. स्तुतीच्या शब्दांत निंदा बसवत. सरकारचे नावही न घेता वाचकाला सरकारपाशी आणून सोडत. लेखातला एकेक शब्द सुटा काढला तर त्यात आक्षेपार्ह काही सापडणे अवघड. तरी ‘काळ’ हे सर्वांत जहाल पत्र म्हणून ओळखले गेले आणि त्यातल्या निबंधांचा संग्रहसुद्धा सरकारने जप्त केला. उलट आगरकरांचे ‘सुधारक’ घ्या. १८८८ पासून त्यात केशवपन, बालविवाह, सोवळेओवळे यांवर जी भाषा वापरली गेली तिच्याइतकी झोंबणारी भाषा मराठीत क्वचितच छापली गेली असेल. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्याइतका राग त्या भाषेने ओढवून घेतला. पण आगरकर जहालांच्या यादीत नाहीत. म्हणजे हे विशेषण भाषेच्या तिखटपणाचेही नव्हते. तिखट कोणाला लागले यावर ते अवलंबून होते. सरकारला लागले तर लेखक जहाल, आपल्याच समाजाला लागले तर तो ‘सुधारक’, आणि रागावलेल्यांच्या तोंडी ‘धर्मबुडवा’.

यावर एक आक्षेप लगेच येईल, आणि तो वजनदार आहे. फूट तर खरीच पडली होती. बहिष्कार हवा की नको, कौन्सिलात जायचे की नाही, यांवर माणसे खरोखर वेगळी झाली होती. मग त्यांना ओळखायला दोन नावे दिली तर बिघडले कुठे? नावे हवीत हे कबूल. फूट खरी होती हेही कबूल. पण नाव देताना कोणाच्या तोंडचे नाव घेतले याने फरक पडतो. ‘राष्ट्रीय’ आणि ‘नेमस्त’ अशी दोन्ही बाजूंना मान्य होतील अशी नावे त्याच काळात छापली जात होती. आपण ती बाजूला ठेवली आणि प्रत्येकाचे विरोधकाने दिलेले नाव तेवढे जपले. दुसरा आक्षेप असा, की ‘केसरी’ही हे शब्द वापरत असे, त्याच्या वाचकांना जहाल म्हणवून घेण्यात अभिमान वाटे, तेव्हा हे नाव बाहेरून लादलेले कसे म्हणायचे? अभिमान होता, यात शंका नाही. पण आधी टोमणा येतो, मग अभिमान येतो, हा क्रम विसरू नये. १९०६ मध्ये लंडनच्या ‘डेली मेल’ने मताधिकार मागणाऱ्या बायकांना हिणवण्यासाठी ‘सफ्रजेट’ हा शब्द काढला आणि काही वर्षांत त्या बायकांनी आपल्या पत्राचेच नाव ‘सफ्रजेट’ ठेवले. व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० च्या आपल्या पुस्तकात टिळकांना भारतीय असंतोषाचे जनक म्हटले ते आरोप म्हणून. टिळकांनी त्या पुस्तकावर लंडनला दावा लावला आणि १९१९ मध्ये तो हरले; तेच शब्द आज आपण त्यांच्या पुतळ्याखाली आदराने कोरतो. मराठी वाचकाची ही ताकद मोठी आहे. पण उचलून घेतलेले विशेषण मूळ मापासकट येते, आणि खरी अडचण तिथेच आहे.

कारण सरकारपासूनचे अंतर हे एकच माप धरले, की महाराष्ट्रातली निम्मी पत्रकारिता मापाबाहेर पडते. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधू’ काढले. मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून ‘दीनमित्र’ चालवला, तोही नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून. कोल्हापुरात वेदोक्ताचे प्रकरण पेटले तेव्हा ‘केसरी’ छत्रपतींच्या विरोधात उभा राहिला. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. त्या काळच्या व्यवस्थेला याहून मोठा धक्का कोणता? पण शाहू महाराजांना, दीनमित्रकारांना कोणी जहाल म्हटले नाही. त्यांच्या वाट्याला आले ते ‘सरकारधार्जिणे’ हे विशेषण, कारण मोजायची काठी एकच होती आणि त्या काठीवर ते सरकारच्या बाजूला दिसत. १९१८ च्या मार्चमध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत भरवलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेत टिळकांनी अस्पृश्यतेविरुद्ध अत्यंत जोरदार भाषण केले, पण अस्पृश्यता न पाळण्याच्या प्रतिज्ञापत्रकावर सही केली नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांचा ‘मूकनायक’ निघाला. पैसे देऊनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापायला नकार दिला, ही गोष्ट आंबेडकरांनी पुढे ‘बहिष्कृत भारत’मध्ये नोंदवली. राजकारणात जहाल असलेले पत्र समाजाच्या प्रश्नावर कमालीचे सावध होते. राजकीय शब्द सामाजिक प्रश्नाला लावणे अन्याय्य आहे असे कोणी म्हणेल. मी म्हणेन, नेमकी हीच मर्यादा वाचकाला सांगायला हवी होती. ‘जहाल’ म्हणजे धीट, मूलगामी, सर्व बाबतींत पुढे असा अर्थ मुलांच्या मनात उतरतो आणि ‘मवाळ’ म्हणजे भित्रा असा. बालविवाह आणि जातिभेदाच्या प्रश्नावर या दोन छावण्यांच्या जागा पुष्कळदा उलट होत्या हे मग कळतच नाही.

टिळकांनी कलकत्त्यात वर्तवलेले भाकीत त्यांच्या हयातीतच खरे ठरले. १९१६ मध्ये ते होमरूल चळवळीत उतरले, बेळगाव आणि अहमदनगरला त्यांनी भाषणे केली, आणि त्यांच्याकडून जामीनकी घेण्याचा हुकूम निघाला. मुंबई हायकोर्टात जिनांनी त्यांची बाजू मांडली आणि हुकूम रद्द झाला. भाषण सुट्या शब्दांवरून नव्हे तर सबंध वाचून ठरवावे, अशी न्यायमूर्ती बॅचलर यांची भूमिका होती. आठ वर्षांपूर्वी टिळकांनी जे मागितले होते ते आता मिळाले. १९२० च्या एप्रिलमध्ये त्यांनी काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा काढला, त्यात मिळालेल्या सुधारणा राबवून पुढचे मागण्याची भाषा आहे. गांधींच्या असहकारापुढे हाच माणूस आता मध्यम वाटू लागला होता. ज्या वर्षी ‘लोकमान्य’ गेले त्याच वर्षी या विशेषणाचा जुना अर्थ संपला, आणि तरीही ते पुस्तकात चिकटून राहिले.

विरार-वसईच्या शाळांतल्या इतिहासाच्या शिक्षकांना म्हणून एक विनंती आहे. सुरतेचा धडा शिकवताना फळ्यावर दोनच शब्द लिहू नका. जहाल, राष्ट्रीय, मवाळ, नेमस्त, सुधारक, सरकारधार्जिणे असे सहा शब्द लिहा आणि प्रत्येक शब्दापुढे तो कोणी कोणाला लावला हे मुलांकडून शोधून घ्या. ठाण्याच्या ‘अरुणोदय’चे आणि ‘हिंदू पंच’चे नाव त्यात येऊ द्या, ती आपल्या तेव्हाच्या जिल्ह्याची पत्रे होती. ठाण्यात १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आजही चालू आहे, आणि विरारहून तिथे जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येते.